जंतूला विचारून पाहताना

सावकाश एक खोल श्वास घ्या. छाती भरू द्या, क्षणभर रोखा, सोडा. पुन्हा एकदा. क्षयाच्या तपासणीला आलेल्या माणसालाही हेच सांगतात. सकाळी उठल्यावर चूळ भरा, उघड्यावर, लोकांपासून लांब उभे राहा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीच्या तळातून खोकून बेडका काढा. नुसती लाळ चालत नाही. तुमचा श्वास आत्ता सहज आला-गेला असेल. ज्याच्या फुफ्फुसात पोकळी पडली आहे त्याला त्या तिसऱ्या श्वासाला किती कष्ट पडत असतील, त्यापाशी थोडं थांबा.

मग ती डबी प्रयोगशाळेत जाते. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये जगाला दाखवलेला जंतू आजही काचपट्टीवर दिसतो, निळ्या पार्श्वभूमीवर बारीक गुलाबी काडी. पण कोणत्या औषधाने मरणारा आणि कोणत्या औषधाला न जुमानणारा, दोघे तिथे सारखेच दिसतात. नुसतं पाहून कळत नाही. जंतूला विचारावं लागतं.

विचारायची जुनी रीत अशी. फेटलेल्या अख्ख्या अंड्यांत मॅलाकाइट ग्रीन मिसळून, तिरक्या ठेवलेल्या बाटलीत उष्णतेने घट्ट केलेलं हिरवट माध्यम. त्यावर नमुना टाकून बाटली 37 अंशांवर ठेवतात. आतड्यातला साधा ई. कोलाय पोषक माध्यमात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला जवळजवळ एक दिवस लागतो. आज एक, उद्या दोन, परवा चार. मनातल्या मनात हा हिशेब थोडा पुढे न्या, घाई न करता. काही आठवड्यांनी हिरव्यावर खरखरीत, पिवळसर, फुलकोबीसारखे पुंजके दिसू लागतात. दर आठवड्याला कुणीतरी बाटली उजेडात धरून पाहतं. ज्याचा नमुना, त्याचा चेहरा त्याने कधी पाहिलेला नसतो.

शेजारच्या बाटल्यांत औषध मिसळलेलं असतं. साध्या बाटलीत शंभर पुंजके आणि औषधाच्या बाटलीत त्यातला एखादाच उगवला, तरी त्या औषधावर भिस्त ठेवता येत नाही. या शंभरातल्या एकाकडे नीट पाहा. औषधाने त्याला काही शिकवलेलं नाही. विभागणी होताना आपोआप झालेल्या बदलामुळे तो औषध येण्याआधीच तसा होता. औषधाने बाकीचे मारले आणि त्याला मोकळं रान मिळालं. म्हणूनच क्षयावर एकटं औषध कधी देत नाहीत.

आणि ‘गोळ्या मधेच सोडल्या असतील’ हे वाक्य मनात आलं असेल तर ते बाजूला ठेवा. अनेकांना प्रतिरोधी जंतूच दुसऱ्याच्या खोकल्यातून मिळालेला असतो. त्यांनी एकही गोळी चुकवलेली नसते. रुग्णाला दोष देण्याची आपली सवय मला फार क्रूर वाटते.

आता उत्तर लवकर मिळतं. जीनएक्स्पर्ट दोनेक तासांत, आणि गोव्यात वेर्ण्याला तयार होणारं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट वीज बेभरवशाची असलेल्या आरोग्य केंद्रातही. ही यंत्रं जंतूच्या एका जनुकातला छोटासा भाग वाचतात आणि क्षयावरचं मुख्य औषध रिफॅम्पिसिन चालेल की नाही ते सांगतात. गेलेले आठवडे म्हणजे चुकीच्या औषधावरचे आठवडे, घरातल्यांच्या श्वासात जंतू जाण्याचे आठवडे. ते वाचले, याचं मोल मोठं आहे. तरी यंत्र विचारलं तेवढंच सांगतं. बेडाक्विलिन, लिनेझोलिड या औषधांच्या जोरावर प्रतिरोधी क्षयाचा उपचार आता सहा महिन्यांवर आला आहे. पण त्यांनाही जंतू दाद देतो का, हे कळायला बहुतेक वेळा जंतू वाढवूनच पाहावा लागतो. तिथे अजून वाट पाहणं आहे.

शेवटी मनात एक कागद धरा, घरच्याच कुणाचा तरी. ‘रिफॅम्पिसिन सेन्सिटिव्ह’ असं त्यावर लिहिलं आहे आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आहे. तुम्हीही टाका. मग पुन्हा वाचा. उपचारातलं दुसरं मोठं औषध आयसोनियाझिड, त्याबद्दल त्या कागदावर काही आहे का? नसेल, तर ती तपासणी कधी होणार आणि तिचा रिपोर्ट कधी येणार, हे डॉक्टरांना विचारा.