थंडीचं झाड

गेल्या सप्टेंबरात आमच्या फ्रिजमध्ये चार आठवडे एक छोटा डबा होता. त्यात ओल्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेल्या काळ्या, चकचकीत बिया होत्या. आईला तो सब्जा वाटला. सरबतात टाकण्याआधी तिनं विचारलं हे नशीब, कारण कोलंबाइनच्या बिया विषारी असतात.

कोलंबाइन मी फक्त मोबाईलवर पाहिलं होतं. खाली मान घातलेलं फूल, पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीला मागे शेपटीसारखी पोकळ नळी आणि त्या नळीच्या टोकाशी मध. फूल उलटं धरलं तर पाच कबुतरं डोकी जुळवून बसल्यासारखी दिसतात, म्हणून त्याला लॅटिनमधल्या कबुतरावरून हे नाव पडलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोचं हे १८९९ पासूनचं राज्यफूल. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलच्या डोंगरांत त्याची रानटी भावंडं वाढतात. या बियांना आधी थंडी भोगावी लागते, त्याशिवाय त्या नीट रुजत नाहीत. म्हणून तो फ्रिज.

आणि मी राहतो शेगावात. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो. शिवाय आम्ही पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. ते कुंडीत घातलं की काही दिवसांत मातीवर पांढरा थर येतो. मातीत क्षार वाढले की मुळाला पाणी ओढता येत नाही. माती ओली दिसते आणि झाड तहानलेलं राहतं.

हे सगळं मी बिया मागवण्याआधी वाचलं होतं. तरी मागवल्या. इंजिनिअरला अडचण सांगितली की तो थांबत नाही, उपाय शोधतो. बोअरचं पाणी खारं? मग पिण्याच्या कॅनचं घालू. ऊन फार? हिरवी जाळी लावू. रात्री गरम? कुंड्या माझ्या एसीच्या खोलीत आणू. नोव्हेंबरात सात रोपं वर आली, कोथिंबिरीच्या थोराड पानांसारखी पानं घेऊन. मी रोज फोटो काढत होतो.

मार्चमध्ये चार उरली. एका संध्याकाळी मी कॅन तिरपा करून कुंडीत पाणी ओतत होतो. आई दारात उभी होती.

"काय करून राहिला बाबू? थंडीचं झाड हाय ते. त्याले कायले आणलं इथं?"

प्रश्न पाण्याचा नव्हता, पण मी पाण्याचंच उत्तर दिलं. रोजचं दोन लिटर, फार नाही. आई काही बोलली नाही. ज्या गावात माणसं गोडं पाणी मोजून वापरतात, तिथे दोन लिटर म्हणजे काय, हे तिनं मला सांगायची गरज नव्हती.

खरा प्रश्न "कायले" हा होता.

परकं झाड लावू नये, असं मला म्हणायचं नाही. आमच्या अंगणातली सदाफुली मूळची मादागास्करची. दसऱ्याला दाराला लागतो तो झेंडू मेक्सिकोकडचा. दोघंही इथे असे रुजले की त्यांना परकं म्हणणारा वेड्यात निघेल. शेगावात बाग होत नाही असंही नाही, आनंदसागर बघत आम्ही मोठे झालो. मुद्दा जुळण्याचा आहे. सदाफुलीला मी चार दिवस विसरलो तरी ती फुलते. कोलंबाइनला मी एक रात्र विसरलो तर ते संपतं. म्हणजे त्याचं जगणं त्याचं राहिलेलंच नव्हतं, सगळं माझ्या हातात आलं होतं. आणि खरं सांगायचं तर ते मला आवडत होतं.

झाडाला कुठे दुःख होतं, असं कुणी म्हणेल. नसेलही होत. पण झाडाचं चांगलं चालणं म्हणजे काय, हे तर ठरलेलं असतं. मूळ खोल जावं, फूल यावं, बी पडावं. कोलंबाइन साधारण दुसऱ्या वर्षी फुलतं, आणि त्याआधी रोपाला कडक हिवाळा लागतो. बी फ्रिजमध्ये मावतं, झाड मावत नाही. म्हणजे माझ्याकडे ते जगलं असतं तरी बहुधा फुललं नसतं. मी त्याला फक्त मरू देत नव्हतो.

इथे मला पुण्याचा फ्लॅट आठवला. बाबा गेल्यावर मी आईला तिकडे नेलं होतं. अकरावा मजला, लिफ्ट, फिल्टर, दारात भाजी, महिन्याला तपासणी. आठ महिन्यांत तिच्या बोलण्यातली वाक्यं छोटी होत गेली. ती तक्रार करत नव्हती, म्हणून मला वाटलं सगळं नीट आहे. शेवटी तीच परत आली, आणि काही महिन्यांनी घरून काम मिळाल्यावर मीही. मी तिची काळजी घेत होतो हे खोटं नव्हतं. पण नेण्याआधी तिला विचारलं नव्हतं. माझी झोप नीट लागावी म्हणून मी तिला नेलं होतं.

मग त्या चार रोपांचं काय करायचं? चूक कळली म्हणून पाणी तोडायचं? मला ते पटलं नाही. आणण्याचा हक्क मला होता की नाही, हा एक प्रश्न. आणल्यावर माझं काय देणं लागतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चुकलं म्हणून दुसरा सुटत नाही. उलट जास्त चिकटतो.

एप्रिलअखेर एकच रोप उरलं. एका सकाळी ते जागेवर नव्हतं. आईनं कुंडी माठाच्या तिवईखाली ठेवली होती. माठ पाझरतो, थेंब खाली पडतात. ते गोडं पाणी एरवी जमिनीवरच जिरायचं. घरात त्याहून गार जागा नव्हती, आणि एसीचं बिलही नव्हतं.

तिथे ते मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकलं. मग एका दुपारी पानं काळवंडली. उरलेलं अर्धं पाकीट मी पेरणार नाही.

कुंडीत आता सदाफुली आहे, आईनं लावलेली. पुढच्या महिन्यात मला पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचंय. या वेळी मी आईला विचारलं, येतेस का.

तिनं थोडा विचार केला. "पावसाळ्यात येतो पंधरा दिवस," म्हणाली. "मंग मले आणून सोडजो."