वेठ कीं विद्या?

विद्यार्थ्यानें शाळेंत हातानें काम करावें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां लहान दिसतो. परंतु आमच्या खेड्यांतील मंडळ्यांमध्यें त्याची एक बाजू अशी आहे कीं, ती शहरांतील सुखवस्तु मनुष्याच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. बोर्डिंगांत घातलेल्या मुलाच्या हातीं झाडू दिला असें कळतांच एखादा बाप म्हणेल, "आमच्या वाडवडिलांनीं गांव झाडला, मेलेलीं गुरें ओढलीं, पाटलाचीं लांकडें फोडलीं. पोराला शाळेंत धाडलें तें ह्यांतून सुटावा म्हणून. मग तेथेंही झाडूच काय?" अशा बापास गर्विष्ठ म्हणून गप्प बसविणें अन्यायाचें होईल. महारांकडील गांवकीचें काम पिढ्यान् पिढ्या चालत आलें, आणि तीं वतनें रद्द करणारा कायदा मुंबई राज्यांत १९५८ सालीं झाला. ती वेठ ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिली अशीं वृद्ध माणसें अद्यापि आपल्यांत आहेत. त्यांच्या प्रश्नास विचारपूर्वक उत्तर दिलें पाहिजे. श्रमाच्या थोरवीवर एक व्याख्यान दिलें म्हणजे तें झालें असें नाहीं.

ह्या कामीं अमेरिकेंतील एका शाळेचें उदाहरण उपयोगी पडेल. मॅसॅच्युसेट्स राज्यांत कनेक्टिकट नदीच्या कांठीं नॉर्थफील्ड नांवाचें गांव आहे. सुप्रसिद्ध सुवार्तिक ड्वाइट मूडी ह्यांचा जन्म तेथें १८३७ सालीं झाला. ते चार वर्षांचे असतां बाप वारला. आईनें मुलें मोठ्या दारिद्र्यांत वाढविलीं. मूडीसाहेबांचें शिक्षण थोडकेंच झालें, व सतराव्या वर्षीं ते बॉस्टन शहरीं मामाच्या जोड्यांच्या दुकानांत नोकरीस लागले. पुढें हजारों लोक ज्यांचा उपदेश ऐकण्यास लोटत, त्यांचें व्याकरण मात्र शेवटपर्यंत कच्चेंच राहिलें. एकदां गाडींतून जात असतां डोंगराकडेच्या एका घरापाशीं आई व मुली टोप्या विणीत बसलेल्या त्यांस दिसल्या; घरचा कर्ता पुरुष अर्धांगानें पडून होता. मुलींस शिकण्याची इच्छा होती, साधन नव्हतें. मूडीसाहेबांनीं १८७९ सालीं मुलींची शाळा काढली, तेव्हां तींत पंचवीस मुली होत्या. नंतर १८८१ सालीं नदीपलीकडे मुलांची शाळा निघाली. घड्याळांचे कारखानदार हायरम कँप ह्यांनीं तिला पंचवीस हजार डॉलर दिले, व माउंट हर्मन हें नांवही त्यांनींच सुचविलें. कॉलेजच्या शिक्षणासाठीं किंवा ख्रिस्ती सेवेसाठीं विद्यार्थ्यांची तयारी करून देणें हा ह्या शाळांचा हेतु. पहिल्या वर्षांत माउंट हर्मनमध्यें लहान मुलें घेत; पुढें सोळा वर्षांवरील मुलें घेऊं लागले, आणि मग शेतांवरून व गिरण्यांतून आलेले, उशिरा अक्षराकडे वळलेले पुष्कळ तरुण तेथें जमले.

हें स्थान आमच्या मुलखास अगदींच परकें नाहीं. १८८६ सालच्या उन्हाळ्यांत २५१ विद्यार्थी तेथें एकत्र झाले, व त्यांपैकीं शंभरांनीं परदेशीं मिशनकार्यास जाण्याची इच्छा प्रकट केली. त्या सभेंत पुढाकार घेणारे रॉबर्ट वाइल्डर हे मिशनरी बापाच्या पोटीं आपल्या कोल्हापुरांत जन्मले होते.

आतां मुख्य गोष्ट. शाळेची फी जेवणाखाण्यासह वर्षाला शंभर डॉलर होती. खरा खर्च सुमारें दुप्पट होई. बाकीची भरपाई दानशूर लोक करीत, आणि मूडी व सँकी ह्यांच्या गीतपुस्तकांचें उत्पन्नही ह्या कामीं लागलें. ह्याशिवाय प्रत्येक विद्यार्थ्यास रोज सुमारें दोन तास शेतांत, स्वयंपाकघरांत किंवा धुण्याच्या जागीं काम करावें लागे. मुलांच्या शाळेंत भांडीं व कपडे मुलगेच धूत, हें आमच्या मुलग्यांच्या आयांनीं जरा लक्षांत घ्यावें.

कोणी म्हणेल, हें काम म्हणजे राहिलेल्या फीची फेड होय. मला तसें वाटत नाहीं. फेड असती तर ज्याचा बाप सगळा खर्च देऊं शकतो त्याला कामांतून सूट मिळाली असती. तशी सूट नव्हती. दुसरें असें कीं, मुलांच्या श्रमावर शाळा चालवावी हा प्रयोग अमेरिकेंत १८२० नंतरच्या वर्षांत पुष्कळ ठिकाणीं होऊन गेला होता. शिकाऊ हातांनीं केलेल्या कामांतून नफा निघेना, म्हणून बहुतेकांनीं तो सोडून दिला. पैशाच्या हिशेबानें पाहिलें तर मजूर लावणें स्वस्त पडतें.

मग सक्तीचें हें काम आणि आमच्या बापजाद्यांची वेठ ह्यांत फरक कोणता? सक्ती दोहींकडे आहे. ती नाहीं असें म्हणणें लबाडीचें होईल. परंतु वेठ सर्वांवर पडत नाहीं. ती जन्मावरून ठरते. एकानें करावी, दुसऱ्यानें ओट्यावर बसून पाहावी, अशी तिची रीत. वेठीचा लाभ परक्या घरास होतो. आणि तिला शेवट नसतो. बापाची लेकास, लेकाची नातवास मिळते. ज्या शाळेंत सर्वजण आळीपाळीनें तेंच काम करतात, जेथें झाडलेली खोली झाडणाऱ्याच्याच निजण्याची असते, आणि काम आटोपल्यावर सर्वांस एकाच बाकावर एकच धडा मिळतो, तेथें सक्ती असूनही वेठ नाहीं. तिहींतील शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टॉमस नेल्सन बेकर नांवाचा नीग्रो मुलगा १८६० सालीं व्हर्जिनियांत गुलामगिरींत जन्मला. तो वयांत आल्यावर माउंट हर्मनमध्यें शिकला, पुढें मंडळीचा पाळक झाला, आणि १९०३ सालीं येल विद्यापीठानें त्यास तत्त्वज्ञानाची डॉक्टर पदवी दिली. त्याच्या बरोबरीच्या गोऱ्या मुलांस जो अभ्यास तोच त्यालाही होता. केवळ काम दिलें असतें आणि अभ्यास हलका ठेवला असता, तर त्याच्या जातभाईंस दक्षिणेंत जें मिळत होतें तेंच येथें गोड नांवानें मिळालें असतें.

ह्या दोन शाळा १९७१ सालीं एक झाल्या, व २००५ पासून सर्व विद्यार्थी माउंट हर्मनच्याच आवारांत आहेत. हल्लीं तेथें फी फार मोठी आहे, आणि श्रीमंतांचीं मुलें पुष्कळ. तरी प्रत्येकाच्या वांट्यास काम आहेच. शंका येते कीं, ज्याला झाडू केव्हांही खालीं ठेवतां येतो त्याच्या हातीं तो खेळणें होत नाहीं काय? होत असेलही. तरीपण धनवानाच्या मुलाला स्वतःचें ताट घासावयास लावणारी शाळा त्याचें कांहीं वाईट करीत नाहीं. आणि शेजारीं घासणाऱ्या गरिबाच्या मुलाची मान तर तिच्यामुळें ताठ राहते.

आमच्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत, जेवत व काम करीत. ही रीत आमच्या मातींतही रुजते, हें त्यावरून दिसतें. परंतु जेथें फी न देणारीं मुलें पाणी भरतात व फी देणारीं पुस्तक घेऊन बसतात, किंवा जेथें मास्तरांच्या घरचें दळण विद्यार्थी आणतात, तेथें स्वावलंबन हें नांव कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असो, त्या बापाचा प्रश्न खरा आहे.

म्हणून मुलाला बोर्डिंगांत ठेवण्यास जाल तेव्हां, वाचकहो, इमारत व घंटा पाहून झाल्यावर कामाच्या पाळ्यांचा तक्ता कोठें लावला आहे तें विचारा. त्यांत संडास धुण्याची पाळी कोणाकोणाची आहे, तें वरपासून खालपर्यंत वाचा. आणि सुपरिंटेंडेंटसाहेबांचा मुलगा त्याच शाळेंत असेल, तर त्याचेंही नांव शोधा.