मुक्तिदात्याची कैफियत

मृताच्या अतृप्त आत्म्याने जिवंत देहावर अंमल बसवावा आणि कोणा जाणत्याने मध्यस्थी करून उभयतांना मोकळे करावे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. नवे इतकेच, की जे काम पूर्वी गावचा देवऋषी करी, ते आज बेंगळुरूसारख्या शहरात संमोहनाचे थोडेबहुत शिक्षण घेतलेली, सुविद्य आणि बहुधा सहृदय माणसे आपण होऊन पत्करू लागली आहेत. पिशाच्चयोनी आहे की नाही, हा वाद मी येथे उकरून काढीत नाही. ती आहे असे गृहीत धरले, तरीही दुसऱ्याच्या अंगातील आगंतुकाची चौकशी आरंभण्यापूर्वी अशा मुक्तिदात्याने स्वतःची कैफियत स्वतःपुढे मांडली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

द्रव्यलोभाविषयी फार लिहावयास नको. तो चटकन ओळखू येतो, आणि त्याच्या पोटी उपजणाऱ्या अघोरी प्रकारांच्या बंदोबस्तासाठी महाराष्ट्राने 2013 साली व कर्नाटकाने 2017 साली कायदे केले आहेत. कायद्याच्या कक्षेत न सापडणारी वासना निराळी आहे. जिला घरात कोणी दोन शब्द विचारीत नाही, अशी एक स्त्री डोळे मिटून अर्धवट शुद्धीत पडलेली असते आणि तिच्या उशाशी बसून कोणी गंभीर स्वरात ‘तू कोण? केव्हापासून इथे आहेस? हिला का धरलेस?’ असे विचारतो, तेव्हा उत्तराचा साचा त्या प्रश्नांतच तयार असतो. ‘येथे माझ्यावाचून दुसरे कोणी नाही’ असे म्हणण्याची सोय तिला ठेवलेलीच नसते. जबानी घेणारा, तिचा अर्थ लावणारा आणि निवाडा देणारा इसम एकच. मृतांनीसुद्धा आपला हुकूम मानावा यात जी सत्तेची गोडी आहे, ती भल्याभल्यांना करुणेच्या वेषात भुलवते. अमेरिकेतील डॉक्टर कार्ल विकलँड यांनी 1924 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपला तीस वर्षांचा अनुभव सांगितला आहे. रुग्णाला विजेचे झटके द्यावेत, त्यायोगे निघालेल्या आत्म्याने डॉक्टरांच्या पत्नीच्या देहात उतरावे आणि तिच्याच मुखाने डॉक्टरांशी बोलावे, अशी त्यांची रीत होती. त्यांच्या कळवळ्याविषयी मला शंका नाही. परंतु जेथे ‘तुमचे चुकले’ असे म्हणणारा एकही साक्षीदार उरत नाही, अशी व्यवस्था उभारणाऱ्या मनाला कशाची तहान लागली होती, हा प्रश्न त्या कळवळ्याने मिटत नाही.

याहून अवघड गोष्ट स्वतःच्या शोकाची. ज्याचे मूल किंवा जोडीदार अकाली गेला, त्याला मृत बोलू शकतात याचा दाखला हवा असतो, आणि तो दाखला समोरच्या आजाऱ्याच्या तोंडून मिळवण्याचा मोह अनावर होतो. मग त्या आजाऱ्याला बाधाच झालेली असणे ही मुक्तिदात्याची गरज बनते. हा हेतू निंद्य म्हणवत नाही, म्हणूनच तो सर्वांत उशिरा उघडकीस येतो.

आपल्या परंपरेने या ठिकाणी एक शहाणपण दाखवले होते. कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूरला निर्गुण मठात दुपारच्या पूजेच्या वेळी नगारा घुमू लागला की बाधा झालेल्या स्त्रिया केस मोकळे सोडून खांबांना कवटाळतात, किंचाळतात, दत्ताला शिव्यासुद्धा देतात. आणि पुजाऱ्याचे काम मात्र पूजेचेच राहते. फिर्याद थेट देवाच्या दरबारात असते. गुरुचरित्रातील कथेतही ओसाड घरातला ब्रह्मराक्षस नृसिंहसरस्वतींच्या पायांवर येऊन पडतो आणि ते त्याला संगमावर स्नानास धाडतात. मी गाणगापूरचे समर्थन करीत नाही, कारण औषधाने बरे होण्याजोगी कितीतरी माणसे अशा ठिकाणी वर्षानुवर्षे कुजली असतील. तथापि मुक्तीचे श्रेय मनुष्याच्या हाती राहू नये, ही दक्षता मला मोलाची वाटते.

मध्यस्थ नसतानाही काय घडू शकते, हे एका अभ्यासात दिसते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील मनोविकारतज्ज्ञांनी तामिळनाडूतील मुथुस्वामीच्या मंदिरात येऊन राहिलेल्या 31 मनोरुग्णांचा अभ्यास केला आणि तो 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तेथे ना मांत्रिक होता, ना कसला विशेष विधी. रुग्णांनी नातेवाइकांसह राहावे, झाडलोट करावी, झाडांना पाणी घालावे, इतकेच. तरीही त्यांच्या लक्षणांत सरासरी सुमारे वीस टक्क्यांनी उतार पडला. त्याच राज्यात, 6 ऑगस्ट 2001 रोजी, एरवाडीच्या दर्ग्याजवळील खाजगी आश्रमात साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत मृत्यू पावले. त्यांना तेथे आणणारी श्रद्धा मुथुस्वामीच्या भक्तांहून फारशी वेगळी नव्हती. त्यांना सांभाळण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना मात्र त्यांची गरज होती.

म्हणून, झटके येणाऱ्या मुलीला घेऊन एखादा बाप दारात उभा राहिला, तर तिला आधी होसूर रस्त्यावर निम्हान्सच्या बाह्यरुग्ण विभागात नेण्यास त्याला स्वच्छ शब्दांत सांगता येते का, हे या कामाला निघालेल्याने स्वतःला विचारावे. तो अपस्मार निघाला, गोळ्यांनी झटके थांबले आणि ती मुलगी पुन्हा कधी आपल्याकडे फिरकली नाही, तर आपल्याला निखळ आनंद होईल की कोठेतरी हिरमोड होईल, याचे उत्तर त्याच्यावाचून दुसरे कोणीही देऊ शकत नाही.