त्याचं सामान, आपलं सामान

आमचं उंद्री चिखली तालुक्यातलं, चिखली-खामगाव रस्त्यावरचं गाव. माझ्या लहानपणी जनावर गावाबाहेर न्यायचं म्हणजे पायीच न्यायचं. खामगावच्या बाजाराला निघायचं तर आबा, म्हणजे माझे आजोबा, मध्यरात्रीच उठत. सामान दमणीत, मिरवायचा किंवा विकायचा बैल दमणीच्या मागे मोकळा बांधलेला, आणि आबा धुरेवर. चढ लागला की आबा खाली उतरत आणि बैलांबरोबर पायी चालत. मी लहान म्हणून मला बसू देत, पण मी जरा मोठा दिसायला लागल्यावर त्यांनी मलाही उतरवलं. कारण काही सांगितलं नाही. चढावर उतरायचं असतं, एवढंच.

पुढं रस्ते डांबरी झाले, दमण्या गेल्या, पिकअप आल्या. जनावर पायी न जाता गाडीत उभं राहून जाऊ लागलं. त्याला चालायचा त्रास उरला नाही, म्हणून आम्हाला बरंच वाटलं. पण एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. दमणीतलं ओझं बैलांच्या चालीवरून कळत होतं. पिकअपमधलं ओझं फक्त ड्रायव्हरला कळतं, आणि त्यालाही ते इंजिनाचंच कळतं.

आमच्याकडे लाल कंधारी गोऱ्हा होता. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, जनावरांचा मोठा बाजार असतो, तिथून बाबांनी तो आणला होता. खंडोबाच्या दारातून आला म्हणून नाव मल्हारी. अंगानं भरला, रंग गडद तांबडा उतरला, तशी गावातली माणसं म्हणायला लागली, ‘याले प्रदर्शनात ने रे!’ बाबांना फारशी हौस नव्हती. मला होती. एका हिवाळ्यात जालन्याकडं जनावरांचं प्रदर्शन होतं. चिखली, देऊळगाव मही, देऊळगावराजा आणि पुढं जालना, असा सरळ रस्ता. मी गाडी ठरवली.

प्रदर्शनाला जायचं म्हणजे नुसतं जनावर नेऊन भागत नाही. आरशाची भरजरी झूल, घुंगरमाळा, गोंडे, नवी म्होरकी, पितळी शेंब्या, शिंगांना लावायचा रंग, खरारा, खुंट्या आणि त्या ठोकायचा घण, ताडपत्री, आम्हा तिघांची अंथरुणं, स्टो, डबे, पाण्याचा ड्रम, बादल्या, ढेपेचं पोतं, कडब्याच्या पेंढ्या, मल्हारीचा मोठा फोटो छापलेलं बॅनर, आणि तालुक्याला मिळालेली ढाल. ही ढाल टेबलावर मांडायची, म्हणजे बघणाऱ्याला जनावर आधीच मोठं वाटतं. बारीकसारीक सगळं एका लोखंडी पेटीत भरलं. ती पेटी दोघांनी उचलावी लागे.

हौद्यात खाली मुरूम, त्यावर सोयाबीनचं कुटार अंथरलं. मल्हारीला चढवला, तोंड केबिनकडं केलं. त्याच्या एका अंगाला ड्रम आणि पोतं, मागच्या बाजूला फाळक्याला लावून पेटी, पेटीवर अंथरुणं. आई ओसरीवरून बघत होती.

“एवढं सारं त्याच्याच गाडीत टाकता का?”

“त्याचंच तं सामान हाये, आई,” मी म्हटलं.

हे उत्तर मला तेव्हा अगदी बिनतोड वाटलं होतं.

आम्ही तिघंही केबिनमध्ये बसलो. थंडी होती. मागं कोणी नव्हतं. देऊळगाव महीच्या पुढं कुठंतरी एका गतिरोधकावर गाडी आदळली. मागं काहीतरी दणकन वाजलं. ड्रायव्हर म्हणाला, पेटी असंल. मी म्हटलं, असंल. गाडी थांबवली नाही. जनावर ओरडलं असतं तर थांबवली असती, असं मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. पण बैल असल्या वेळी ओरडत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

मैदानावर फाळका पाडला तेव्हा पेटीचं दावं सुटलेलं होतं. पेटी सरकून मल्हारीच्या मागच्या उजव्या पायाला टेकली होती. नळीवरचं कातडं हातभर सोललं होतं आणि वर सूज चढत होती. तो पाय उचलून उभा होता. पेटी होती तिथंच होती. म्हणजे उरलेला सगळा रस्ता ती त्याच्या पायाला घासत आली होती.

आत सोडण्याआधी जनावरांचे डॉक्टर तपासत होते. त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, दाव्यानं घासलं. त्यांनी जखम धुऊन औषध मारलं आणि म्हणाले, याला आज चालवू नका, आराम द्या. मी मान हलवली. दुपारी त्याला झूल घातली. झूल लांब होती, मागं गुडघ्याच्या खाली येत होती. ती आणखी थोडी मागं ओढून घेतली. मग रिंगणात नेला.

नंबर आला नाही. सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं.

घरी आल्यावर बाबांनी त्याच्या अंगावरून हात फिरवला. हात पायाशी गेला नि थांबला.

“कायनं लागलं बे?”

“दाव्यानं घासलं.”

“मांगच्या पायाले दावं बांधते का कोनी?”

मी काही बोललो नाही. बाबाही पुढं बोलले नाहीत. त्यांनी हळद-तेल गरम करायला सांगितलं. पाय बरा व्हायला महिना लागला.

या गोष्टीचा विचार मी पुष्कळ केला आहे. पेटी नीट बांधायला हवी होती, हा धडा खरा, पण तो दाव्याच्या गाठीचा धडा झाला. खोटं बोललो, त्याला जखमी असताना चालवलं, ही चूकही सरळ आहे. तिच्यावर फार विचार करावा लागत नाही, फक्त लाज वाटून घ्यावी लागते. मला अडवतं ते आईला दिलेलं उत्तर. ‘त्याचंच तं सामान हाये.’ ते खरं होतं का?

पुढच्या वर्षी पुन्हा जायचं ठरलं तेव्हा बाबा ओसरीवर बसले आणि म्हणाले, “सारं भाईर काढ. त्याचं इकडं ठेव, आपलं तिकडं.” मी भराभर वाटणी केली. कडबा, ढेप, ड्रम, बादली इकडं. स्टो, अंथरुणं, बॅनर, ढाल तिकडं. झूल मी इकडं ठेवली. बाबांनी ती उचलून तिकडं टाकली. “रातच्याले थंडीत आंगावर टाकाचं पोतं त्याचं. झूल आपली.” खरारा मी तिकडं ठेवला होता, तो त्यांनी इकडं आणला. खरारा फिरवला की मल्हारी डोळे मिटून मान लांब करायचा.

घुंगरमाळेपाशी मात्र बाबाही अडले. पोळ्याच्या दिवशी माळ वाजली की बैल आपणहून मान खाली घालतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. आदल्या दिवशी आपण त्याचे खांदे लोण्या-हळदीनं मळतो, उद्या जेवायला ये म्हणून माणसासारखं आवतन देतो. त्या मानाची खूण म्हणून ती माळ त्याची म्हणावी का? की आपल्या हौसेची त्याला सवय झाली, इतकंच? बाबांनी माळ मधोमध ठेवली. ती कोणाची हे मलाही आजवर ठरवता आलं नाही.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. त्याखाली १९७८ साली जनावरांच्या वाहतुकीचे नियम झाले. त्यात ट्रकातून गुरं न्यायची तर काय करावं ते लिहिलं आहे: पाय घसरू नये म्हणून खाली काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या, एका गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नकोत, सोबत एक माणूस, तोंड शक्यतो इंजिनाकडं, आणि गुरं असताना त्या गाडीत इतर कोणताही माल भरू नये. पुढं मोटार वाहन नियमांत प्रत्येक गायी-म्हशीला दोन चौरस मीटर जागाही ठरवून दिली गेली. म्हणजे साधारण एका बाजेएवढी. हे वाचलं तेव्हा वाटलं, आम्ही ओसरीवर बसून जे शोधत होतो ते सरकारनं माझ्या जन्माच्या आसपासच लिहून ठेवलं होतं.

पण त्यातला एक शब्द मला खटकतो. ‘इतर’ माल. म्हणजे पहिला माल तो स्वतःच. ज्या वाक्यानं त्याची जागा राखली त्याच वाक्यात तो माल ठरला. आणि आम्ही त्याला देव म्हणतो, पोळ्याला ओवाळतो, आणि त्याच्या पायाशी पेटी ठेवतो. माल म्हणणाऱ्यानं जागा दिली, देव म्हणणाऱ्यानं पेटी ठेवली. यातलं बरं कोणतं, हे बैलाला विचारलं तर तो जागाच मागेल, असं मला वाटतं.

चिखलीचा एक ओळखीचा माणूस मला म्हणाला, “हे सारं पैशेवाल्याईचं हाये. दोन गाड्या कुठून आणाव्या?” त्याचं म्हणणं खोटं नाही. दुसऱ्या पिकअपचं भाडं म्हणजे बक्षिसाच्या रकमेहून जास्त. पण आम्ही वाटणी केली तेव्हा लक्षात आलं, की ‘आपलं’ म्हणून जो ढीग पडला होता त्यातलं अर्ध्याहून जास्त न नेलं तरी चालत होतं. ढाल घरी राहिली. बॅनर घरी राहिलं. पेटी कायमची माळ्यावर गेली. झूल, गोंडे, ताडपत्री पोत्यात घालून केबिनच्या टपावर आवळून बांधली. अंथरुणं आणि डबे घेऊन एक जण एस.टी.नं गेला. हौद्यात मल्हारी, आणि त्याच्या तोंडापुढं आडवी फळी ठोकून तिच्यापलीकडं त्याचा चारा-पाणी. नियमाच्या अक्षराप्रमाणं एवढंही बसतं की नाही, कोणी काटेकोर माणूस वाद घालू शकेल. घालू द्यावा. आणि एक माणूस त्याच्यासोबत मागं उभा. तो मी होतो. जालन्यापर्यंत थंडीनं कान बधिर झाले, पण गतिरोधक किती आहेत ते पहिल्यांदा कळलं.

त्या रात्री मैदानावर शेकोटीपाशी दादानं मला विचारलं, “आपलं सामान बाजूला काढाचंच तं मंग त्याले तरी कायले आनलं? हे परदर्शन त्याचं हाये का?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. बाबांचं म्हणणं असं, की चांगलं जनावर चार लोकांनी पाहिलं तर त्याचं बी टिकतं, नाही तर गावोगाव गोठे ओस पडताहेतच. ते खरं आहे. पण मैदानावर टाळ्या पडतात तेव्हा छाती माझी फुगते, मल्हारीची नाही, हेही खरं आहे. आपला मान हे आपलंच सामान. ते टपावर बांधता येत नाही आणि एस.टी.नं पाठवता येत नाही. ते त्यालाच न्यावं लागतं. मग त्याच्यावर आणखी एक पेटी तरी कशाला?

मल्हारी आता नाही. त्याचं एक वासरू मोठं झालंय, त्याला यंदा नेऊ म्हणून पोरगं मागं लागलंय. परवा त्यानं सामानाची यादी केली नि मला दाखवली. मी त्याला म्हटलं, सारं ओसरीवर आणून ठेव. आधी वाटणी करू. आणि मागं हौद्यात कोण उभं राहणार ते आत्ताच ठरव.