विसरलेल्यांचा हिशेब

आपल्या तोंडाने आपली थोरवी गाऊ नये, असा आपल्याकडचा संस्कार आहे आणि तो चांगलाच आहे. पण एखादे काम शंभरजणांनी मिळून केलेले असते. त्यातला जो उरला तो संकोचाने गप्प बसला, तर त्याच्याबरोबर उरलेल्या नव्व्याण्णवांची नावेही बुडतात. अशा मौनाला विनय म्हणायचे की हयगय?

हा प्रश्न लेटिस कर्टिस या इंग्रज बाईंमुळे पडला. 1915 साली डेव्हनमध्ये जन्मलेल्या, ऑक्सफर्डला गणित शिकलेल्या या बाई 1937 मध्ये विमान चालवायला शिकल्या आणि जुलै 1940 मध्ये ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी’त दाखल झाल्या. या संस्थेचे काम सांगायला सोपे होते. कारखान्यातून निघालेले किंवा दुरुस्त झालेले विमान हवाई दलाच्या तळावर पोचते करायचे. लढायचे नाही. वाटेत बोलायला वायरलेस नाही, ढग आले तर त्यांच्या खालून वाट काढायची. आज स्पिटफायर, उद्या चार इंजिनांचे बाँबफेकी विमान. पूर्वी कधी न पाहिलेल्या जातीचे विमान समोर आले, तर खिशातल्या छोट्या टिपणवहीतले त्याचे पान वाचायचे आणि उडायचे. युद्धाच्या काळात या लोकांनी 147 प्रकारची तीन लाखांहून अधिक विमाने अशी पोचवली. त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. जानेवारी 1941 मध्ये टेम्सच्या मुखाशी बुडालेली विख्यात वैमानिक एमी जॉन्सन त्यांतलीच. तिचा देहसुद्धा सापडला नाही.

लेटिसबाईंनी चार इंजिनांची अजस्र विमानेही शेकड्यांनी पोचवली. ब्रिटनमध्ये असे विमान चालवणाऱ्या त्या पहिल्या स्त्रियांपैकी. युद्ध संपले, नोव्हेंबर 1945 च्या अखेरीस संस्था बरखास्त झाली आणि सगळे आपापल्या घरी गेले. बाईंनी पुढे विमानांच्या चाचण्यांचे आणि हवाई वाहतूक नियंत्रणाच्या आखणीचे काम केले. त्यांना ओळख मिळवून देणारे पुस्तक ‘द फरगॉटन पायलट्स’ 1971 साली आले.

मला हे शीर्षक फार विचार करायला लावते. ‘विसरलेले वैमानिक’. ‘विसरलेल्या स्त्रिया’ असे नाही. आज या संस्थेचा विषय निघाला की छायाचित्रात हमखास हसऱ्या तरुणी असतात. त्यांच्यावर अन्याय झाला होता, हे खरेच. आरंभी त्यांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता, समान वेतन मिळाले ते 1943 मध्ये. पण संस्थेत बहुसंख्य पुरुष होते. हवाई दलाने वयामुळे वा शारीरिक व्यंगामुळे नाकारलेले. एका हाताचा आणि एका डोळ्याचाही एकजण त्यांत होता! स्मरणाचा झोत एकाच चेहऱ्यावर पडला की बाकीच्यांचा अंधार अधिक दाट होतो. बाईंनी हिशेब सगळ्यांचा मांडला. भावनेचे कढ त्यात फारसे नाहीत, भर तपशिलावर आहे. काहींना ते रुक्ष वाटेल. मला ती रुक्षता सचोटीची वाटते. गेलेल्या माणसाला आपल्या अश्रूंचा उपयोग नसतो. त्याने काय केले, कुठे केले आणि केव्हा केले, हे बिनचूक लिहिले जावे एवढाच त्याचा हक्क उरतो.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला कागदाची किंमत सांगायला नको. उताऱ्यावर नाव नाही तर जमीन नाही, हे आपण घराघरांत ऐकलेले आहे. सांबऱ्याचा विमानतळ 1942 मध्ये युद्धासाठी रॉयल एअर फोर्सने बांधला, हे आपण वाचतो. पण विमानतळ म्हणजे शेवटी माती उपसणारे, खडी वाहणारे, मुकादमी करणारे हात. त्यांची नावे कुणी विचारायची, आणि मराठीत की कन्नडमध्ये टिपायची? ज्याला जे ठाऊक त्याने ते त्याच्या भाषेत टिपावे, एवढेच मला सुचते. त्रयस्थ इतिहासकाराची वाट पाहणे सभ्यपणाचे दिसते खरे. पण तो येईपर्यंत ठाऊक असणारी माणसे उरत नाहीत.

अर्थात, कर्त्यानेच नोंद लिहिली तर ती निर्मळ राहील कशावरून? स्वतःचा भाग मोठा होतो, न पटलेल्याचा लहान. हा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही. मात्र या बाईंचा क्रम पाहण्यासारखा आहे. संस्थेचा इतिहास त्यांनी आधी लिहिला. स्वतःचे आत्मचरित्र आले 2004 साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी. दरम्यान सत्तरी ओलांडल्यावर हेलिकॉप्टरचा परवानाही काढून झाला होता.

2014 साली, नव्व्याण्णवाव्या वर्षी त्या वारल्या. त्याआधी सहा वर्षे, 2008 मध्ये, ब्रिटिश सरकारने संस्थेच्या हयात सदस्यांना सन्मानचिन्ह देण्याचे ठरवले. पुस्तक येऊन तेव्हा सदतीस वर्षे झाली होती आणि चिन्ह घ्यायला मोजकीच माणसे उरली होती.