टोपी आणि दरड

विदूषक टोपी उचलायला वाकतो आणि त्याच्याच बुटाचा धक्का लागून ती पुढे सरकते. तो पुन्हा वाकतो, ती पुन्हा सरकते. तिसऱ्या खेपेला पोरं ओरडतात, "अरे, पाय! पाय मागे घे!" सर्कशीतला हा जुनाच खेळ. पण दरड कोसळलेल्या वस्तीतल्या मुलांसमोर तो रंगतो, तेव्हा त्याचं मोल वेगळं असतं.

मुंबईच्या उपनगरांत दरड पावसाळ्यासोबतच येते. 12 जुलै 2000 ला घाटकोपरच्या आझादनगरात साठहून अधिक माणसं गेली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि साकीनाक्याजवळ डोंगर खचला. 18 जुलै 2021 ला पाळी चेंबूर आणि विक्रोळीची. वाचलेल्यांना बहुधा जवळच्या महापालिका शाळेत हलवतात. म्हणजे मुलाचं घर गेलेलं असतंच, वर त्याच्या वर्गाचीही छावणी होते.

तिथे जो तो मुलाला सांगत असतो: रांगेत उभा राहा, रडू नकोस, बिस्किटाचा पुडा धर, कॅमेऱ्याकडे बघ. अशा वेळी एक मोठा माणूस असा येतो, ज्याला साधी टोपीही उचलता येत नाही. 'पाय मागे घे' एवढं त्याला सांगताना, बऱ्याच दिवसांनी मुलाच्या शब्दावर काहीतरी हलतं. विदूषक मुलाला दुःख विसरायला लावतो, हा आपला गैरसमज. तो त्याला थोडी सत्ता परत देतो.

1993 मध्ये कॅटलान विदूषक तोर्तेल पोलत्रोना बार्सिलोनाच्या शाळकरी मुलांच्या पुढाकारानं क्रोएशियातल्या निर्वासितांच्या छावणीत गेला. त्यातून 'क्लाऊन्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था उभी राहिली. तिचं भारतातलं काम मुंबईच्या रूपेश टिल्लू या रंगकर्मीनं उभं केलं.

आक्षेप रास्त आहेत. आधी पोटोबा, मग विठोबा. तिथे विदूषकाचा नंबर कितवा? आणि ढिगाऱ्यातून माणसं निघायची आहेत, तोवर लाल नाक लावून कुणी उभं राहिलं तर आईबापांनी त्याला हाकलावंच. त्याची वेळ नंतरची, मदतीच्या गाड्या परतल्यावरची. तेव्हाही त्यानं नाक मुलांच्या डोळ्यांदेखत लावावं, कारण रंगवलेल्या तोंडाला लहान मूल घाबरतं. फुगे घरी ठेवावेत. गडगडाट ऐकलेल्या मुलाला फट् आवाज नको असतो. आणि जे पोर पाठ फिरवून बसलंय, त्याला तसंच बसू द्यावं. नको म्हणायची मुभा नसेल, तर हसवणं हीसुद्धा जबरदस्तीच.

सगळ्यांत मोठा धोका वेगळाच. धनादेशवाटपाच्या मंडपात विदूषक शोभेला उभा राहिला, की डोंगरउतारावर न बांधलेल्या संरक्षक भिंतीचा प्रश्न हशात बुडतो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाची थट्टा करू शकत असे. ती मोकळीक मंडपाच्या बदल्यात विकली, तर उरतं ते नुसतं रंगवलेलं तोंड.

भिंत बांधणं हे विदूषकाचं काम नव्हे. पण त्याची टोपी कुठे अडकलीय हे ओळखून ओरडणारी पोरं उद्या मोठी होतील. भिंत कुठे अडकलीय, हेही त्यांना तसंच ओरडून विचारता यावं.