उन्हाळी शिबीर आणि तितिक्षा

वैशाख लागला की धायरी फाट्यावरून सिंहगडाकडे पोरांनी भरलेल्या गाड्या जाऊ लागतात. कुणाचे साहस-शिबीर, कुणाचे निसर्ग-शिबीर. आईबाप कौतुकाने निरोप देतात आणि त्यासाठी शुल्कही बरेच मोजतात. आमच्यासारख्यास प्रश्न पडतो तो असा, की कष्ट विकत घेता येतात काय?

सज्जनहो, प्रश्न थट्टेवारी नेऊ नका. धायरी २०१७ साली पुणे महापालिकेत गेले, पण त्याआधीच शेतांत इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. ज्याचा आजा गुरांमागे टेकडी चढला, त्या पोराला आता टेकडी दाखवायला गाडी करावी लागते. तेव्हा शिबिरे वाईट म्हणून चालणार नाही. पोरगं चार दिवस जमिनीवर निजलं, आपलं ताट आपण घासलं, आईवाचून झोपलं, हे चांगलेच झाले.

परंतु थंडी-ऊन सोसण्यास शास्त्र तितिक्षा म्हणते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील चौदाव्या श्लोकात भगवंतांनी अर्जुनास तीच सांगितली, आणि सांगितली ती रणांगणावर, कर्तव्य समोर उभे असताना. ऊन सोसण्यासाठी ऊन सोस, असे नव्हे. वारीत सात वर्षांचे पोर आजीचे बोट धरून दिवे घाट चढते. पाय दुखतात, रडतेही. पण तुझी सहनशक्ती वाढते आहे बरं का, असे त्याला कुणी सांगत नाही. त्याला पंढरपूर गाठायचे असते, आणि मुक्कामी आजीला तांब्याभर पाणी आणून द्यायचे असते.

आता गडाची वाट पाहा. आतकरवाडीहून शिबिराची मुले चढतात. त्याच वाटेने पायथ्याची बाई दह्याची मडकी डोक्यावर घेऊन चढते, मागे कधी तिची लेक. ऊन तेच, दगड तेच, धापही तीच. एकीला चढल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळते, दुसरीला दही खपले तर चार पैसे. तितिक्षा कोण शिकली, सांगा बरे!

दुसरीचे नाव घेऊन मोकळे होऊ नये. गरिबाच्या घामाला तप म्हणून ओवाळण्याची खोड काही कीर्तनकारांना आहे, ती बरी नव्हे. तिचे ओझे तिने निवडलेले नाही. तिलाही सुटीत खेळू द्यावे. आणि पहिलीचे ओझे तरी तिने कुठे निवडले? ते आईबापांनी निवडले. खरी अडचण ही, की दोघी एका वाटेने चढल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत.

विलायतेत १९०७ च्या ऑगस्टात बेडन-पॉवेल यांनी ब्राउन्सी बेटावर सुमारे २० मुलांचे शिबीर भरवले. स्काउटची चळवळ त्यातूनच वाढली. हा लष्करातला गृहस्थ, पण त्याने एक गोष्ट नेमकी केली. मोठ्या शाळांतली श्रीमंतांची मुले आणि कामकऱ्यांची मुले एकाच टोळीत घातली. दिंडीत चालणाऱ्यास यात नवल वाटायचे नाही.

आपल्याकडच्या शिबिरवाल्यांनी एवढे करावे. दर दहा मुलांमागे एक पोर पायथ्याच्या वाडीचे घ्यावे, आणि उपकार म्हणून नव्हे. कोणते झाड कोणते, पाणी कुठे लागते, हे त्याला ठाऊक असते. ते त्याने इतरांना दाखवावे. शुल्क थोडे वाढेल, वाढू द्या. आणि गड उतरताना दहीवालीची रिकामी टोपली मुलांनी आळीपाळीने खाली न्यावी, ती देत असेल तर.